जनाकाकांच्या जीपने जव्हारला

भाईंदर पश्चिम

“गाडी न्हाय ती, जावई हाय. मान दिल्याबिगर हलायचा न्हाय.”

सुक्या बोंबलांची टोपली मांडता मांडता एक कोळीण शेजारणीला हे म्हणाली आणि दोघी हसल्या. जावई म्हणजे आम्ही बसलो होतो ती जुनी डिझेल जीप. भाईंदर पश्चिमेच्या बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध ती बंद पडली होती. मागे रिक्षांची रांग लागली होती आणि मी मागच्या बाकावर चष्म्यांच्या खोक्यांना धरून बसले होते. लोक बघायला लागले की हात कुठे ठेवावेत हे मला कळत नाही. खोकी होती ते बरं झालं.

बोलणारी बाई जीपच्या मालकाची, म्हणजे जनाकाकांची बायको, गोमतीकाकू. समुद्राकाठच्या डोंगरी गावाहून टोपलीसकट ती आमच्याबरोबरच आली होती, पण गाडी थांबताच उतरून तिने आमची जणू ओळखच नाही असा चेहरा केला होता.

आम्ही निघालो होतो जव्हारला. मी मीरा रोडच्या एका छोट्या संस्थेत नुकतीच लागले होते. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि नलिनीबेन. नलिनीबेनच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान मुलाकडे देऊन त्यांनी हे काम सुरू केलं: पाड्यापाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांची नजर तपासायची आणि ज्याला जो लागेल तो चष्मा द्यायचा. ही खेप म्हणजे जनाकाकांच्या जीपची परीक्षा होती. गाडी चालली तर पावसाळ्यापर्यंत दर खेपेला हीच. नाही तर भाईंदर पूर्वेचा एक टेम्पोवाला तयारच होता. गाडी घरून निघते कशी हेही नलिनीबेनना बघायचं होतं, म्हणून आम्ही दोघी सकाळच्या बसने डोंगरीला जाऊन तिथूनच जीपमध्ये बसलो होतो.

जनाकाकांनी होडीतला आपला वाटा धाकट्या भावाला देऊन सरकारी लिलावातली ही जीप घेतली होती. आता परत समुद्रावर जायचं तर भावाच्या होडीवर खलाशी म्हणून. हे त्यांनी नाही, गोमतीकाकूने वाटेत सांगितलं. ती सांगत असताना काकांनी जोरात हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणीही नव्हतं.

आता ते शांतपणे खाली उतरले. ड्रायव्हरच्या बाजूला टाकीचं झाकण आहे, ते त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून फिरवून काढलं, बांबूची काठी आत बुडवून वर काढली आणि नलिनीबेनना दाखवली. काठी ओली होती. “डिझेल हाय. हवा धरली असंल पाइपानं.” झाकण पुन्हा पक्कं लावलं. मग बॉनेट उघडून फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल केला आणि इंजिनाला डिझेल चढवायचा हातपंप दाबायला लागले. स्क्रूपाशी आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला, स्टार्टर मारला, आणि जीप खोकून सुरू झाली.

“दिला बाई मान,” गोमतीकाकू कोणाकडेही न बघता म्हणाली.

डिझेल कमी म्हणून गाडी थांबली असं कोणी म्हणू नये, म्हणून काकांनी रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या पंपावर टाकी अगदी गळ्यापर्यंत भरून घेतली.

खाडीपूल ते मनोर

काशिमिऱ्याहून हमरस्त्याला लागलो आणि वरसाव्याच्या खाडीपुलाच्या जरा अलीकडे जीप पुन्हा थांबली. पुन्हा झाकण, काठी, फेस, बुडबुडे, धार. खाली खाडीला ओहोटी होती आणि चिखलावर पांढरे बगळे अंतर राखून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण पुढच्या सीटवर नलिनीबेन काही बोलत नव्हत्या, आणि नलिनीबेन बोलत नाहीत म्हणजे मनात काहीतरी ठरत असतं.

“जनाभाई,” शेवटी त्या म्हणाल्या, “डिझेलमधी भेसळ तर नाय ना?”

“न्हाय हो बेन. त्याच पंपाचं आमची होडी पिते.”

मी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण ते परभणीकडचं, आणि बाहेर ते तोंडातून काढताना मला संकोच वाटतो. रिक्षावाल्याशी हिंदी, नलिनीबेनशी जे सुचेल ते, आणि मनातल्या मनात इंग्रजी. प्रत्येक वाक्य कोणत्या भाषेत म्हणावं हे ठरेपर्यंत समोरचे लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्यामुळे या प्रवासात मी फार थोडं बोलले. बघायला मात्र भरपूर वेळ मिळाला.

पुलापासून मनोरपर्यंत जीप आणखी काही वेळा थांबली. मला एक विचित्र गोष्ट दिसली. दर वेळी ती आधीपेक्षा जास्त पळून थांबत होती. पुलापासून पुढचा टप्पा छोटा होता, त्यानंतरचा त्याहून मोठा, आणि शेवटच्या टप्प्यात तर मला डुलकी लागली. बिघडलेली वस्तू वापरली की जास्त बिघडते, असा आपला अनुभव. ही उलट सुधारत होती.

“इंजिन तापलं की बरी होते,” काका म्हणाले. मलाही ते पटलं. पण मग जेवायला थांबल्यावर ती अर्धा तास गार झाली होती, तरी नंतर चांगली लांब पळाली. हे मी लक्षात ठेवलं, बोलले नाही.

जेवण आम्ही रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली केलं. आईने मला ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा दिला होता. नलिनीबेनकडे ठेपले आणि छुंदा, आणि काकांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी. नलिनीबेन मासळीचा वासही सहन करत नाहीत. काका डबा घेऊन गपचूप झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, आणि नलिनीबेननी तितक्याच गपचूप मला दोन ठेपले देऊन “जनाभाईला दे” असं खुणावलं. काकांनी ते घेऊन माझी ठेचा लावलेली एक भाकरी मागितली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पोरी, तुमच्या गावाला दुष्काळ का पडतो कळलं. हे खाल्ल्यावर सगळं पानी मानूसच पितो.”

मनोर

मनोरच्या नाक्यावर उस्मानभाई नावाचे एक मिस्त्री भेटले. पोट मोठं, पाने छोटे, आणि प्रत्येक गोष्ट आधी ऐकून घ्यायची सवय. काकांनी सगळं सांगितलं. उस्मानभाईंनी इंजिनाच्या बाजूला कान लावला, पाइप बोटांनी चाचपले.

“हवा कहीं से ले नहीं रही. जोड़ सब टाइट है,” ते म्हणाले. “कचरा होगा टाकी में. खाली करके देखते हैं.”

टाकीच्या तळाचा बूच काढून त्यांनी निम्म्याहून जास्त डिझेल दोन कॅनमध्ये उतरवलं. पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर काही आलं नाही. तरी फिल्टर नवा टाकला, जाळी धुतली, पाइपात तोंडाने फुंकून बघितलं. उशीर होत होता म्हणून काढलेलं डिझेल परत न ओतता दोन्ही कॅन तसेच मागे ठेवले, म्हणजे माझ्या पायांशी.

मनोरपासून जव्हारपर्यंत जीप एकदाही थांबली नाही.

विक्रमगडनंतर रस्ता चढायला लागतो. थंडी संपत आली होती. गवत वाळून पिवळं झालेलं, मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा. वळणांवर पायांशी ठेवलेल्या कॅनमधून डिझेलचा वास येत होता, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. पुढे नलिनीबेन हलक्या आवाजात काहीतरी भजन गुणगुणत होत्या आणि काकांचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले होते.

“उस्मानभाईचा हात लागला,” काका म्हणाले. “कचराच व्हता.”

मला मात्र ते कोरं फडकं दिसत होतं.

जव्हारला आमचा मुक्काम एका शाळेच्या खोलीत होता. संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो. दूरच्या डोंगरांवरचं ऊन उतरत होतं. चहा पिता पिता काकांनी टाकीच्या झाकणाची गोष्ट सांगितली. ते जीपचं मूळ झाकण होतं, पण जीप घेतल्या दिवशीच त्यांनी ते घरी नेलं होतं. ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून, दोन थर एकावर एक बसवून, आतल्या बाजूने त्याला पक्कं केलं होतं.

“माझा बाप सांगायचा, दर्यावर डिझेलात पानी गेलं की मानूस गेला. आमच्या वाडीत कोनाच्या कॅनचं झाकन गळतं असलं तर त्याला पोरगी देत न्हायत.”

“खरंच?” नलिनीबेननी विचारलं.

“तसं देतात. पन इचार करतात.”

त्यांनी उठून ते झाकण आणून आम्हाला दाखवलं. कडा इतक्या सफाईने कापल्या होत्या की कारखान्यातून आल्यासारखं वाटत होतं. नलिनीबेननी ते हातात घेऊन चष्म्याची फ्रेम पारखावी तसं उलटसुलट बघितलं आणि “सरस काम छे,” म्हणाल्या. काका लाजले. त्यांना कोणी चांगलं म्हटलं की ते मान वळवून समुद्राच्या दिशेला बघतात असं माझ्या लक्षात आलं होतं. जव्हारला समुद्र नाही, तरी त्यांनी पश्चिमेकडे बघितलं.

पाडे

सकाळी निघण्याआधी काकांनी दोन्ही कॅन टाकीत ओतले, वर नाक्यावरून आणखी आणून टाकी काठोकाठ केली आणि झाकण आवळलं.

पहिला पाडा जवळच होता. दहा-बारा घरं, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं इतकी स्वच्छ की चप्पल काढायला कोणाला सांगावं लागलं नाही. मीरा रोडला आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद असतात. समोरच्या घरी कोण राहतं हे मला त्यांच्या कपड्यांच्या दोरीवरून माहीत आहे. इथे घरांना दारं होती, पण ती कशासाठी होती कळत नव्हतं. एका घरात पाणी प्यायलो तर दुसऱ्या घरच्या बाईने तांब्या आणून ठेवला. आमचं का नाही घेत, असा तिचा चेहरा होता.

नजर तपासायची नलिनीबेनची रीत दुकानातल्यासारखी नाही. अक्षरांचा तक्ता इथे चालत नाही. त्या सुपात तांदूळ पसरतात, त्यात चार खडे टाकतात आणि म्हातारीला निवडायला सांगतात. पुरुषांना सुईत दोरा ओवायला देतात. मग एकेक चष्मा चढवून बघायचा. एका आजीबाईंना तिसऱ्या चष्म्यात दिसलं. त्यांनी आमचे चार खडे बाजूला काढले, मग आणखी सात-आठ काढले, आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, “हेच खायला घालतेस काय मला इतकी वरसं?” सून पदराआड हसत होती. नलिनीबेननी मला कोपर मारलं. “बघ बेटा, चष्मा दिला आणि घरात भांडण लावलं.”

दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण जेवलो. वरणात लसूण भरपूर होता, आणि भाकरी हातावर थापलेली. आमची ज्वारीची भाकरी पांढरी आणि मोठी, ही काळपट, जाड, आणि एक खाल्ली की दुसरी मागवत नाही. मी दुसरी मागितली, त्यावर बायकांनी आपसात काहीतरी म्हटलं. कौतुक असावं असं मी धरून चालले.

दुसऱ्या पाड्याला जायचा रस्ता म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रातून चढणारी बैलगाडीची वाट. जीप चढाच्या मध्यावर गेली, आचके दिले आणि थांबली.

काकांनी टाकीकडे बघितलंही नाही. सकाळी त्यांनीच ती भरली होती, मग बघायचं काय. सरळ बॉनेट उघडलं, स्क्रू सैल केला, हातपंप दाबायला लागले. फेस आला नाही. बुडबुडेही नाहीत. काका दाबत राहिले. पंपाची दांडी खाली जाऊन तिथेच राहायची, वर यायचं नाव नाही. त्यांनी सदरा काढून बाजूला ठेवला. चढावर वरच्या पाड्याची माणसं येऊन उभी राहिली, ज्यांचे डोळे आम्ही तपासायला जात होतो तीच. एक म्हातारा काठी टेकत दगडावर बसला आणि वाट बघू लागला.

मी दगड लावायला चाकापाशी खाली उतरले होते, म्हणजे टाकीच्या अगदी शेजारी.

“जनाभाई, टाकीत बघा तरी,” नलिनीबेन म्हणाल्या.

“भरलेली हाय, बेन.”

“बघा तरी.”

काका वैतागून आले. दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. नेहमीपेक्षा जास्त जोर लागला. आणि झाकण सुटताना आवाज झाला. फुस्स. बारीक, लांबलेला, कोणीतरी खूप वेळ धरून ठेवलेला श्वास आत घ्यावा तसा. काकांचं लक्ष काठीकडे होतं. काठी ओली निघाली. त्यांनी झाकण लावलं, पंपाकडे गेले आणि दोनदा दाबताच धार उडाली.

“आली!” पाड्यावरच्या माणसांनी आरोळी दिली.

मी चाकाखालचा दगड काढत होते. तो फुस्स आवाज अजून कानात होता.

शाळेत आम्हाला एक प्रयोग होता. पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर आतलं तेल धड बाहेर येत नाही, दुसरं पाडलं की येतं. आत हवा शिरायला वाट हवी. आई तेलाचा डबा फोडताना न शिकताच दोन भोकं पाडते. टाकीतून डिझेल बाहेर जात होतं, त्याच्या जागी आत काहीच येत नव्हतं. टाकी जितकी भरलेली तितकी वरची हवा कमी, तितकी ती लवकर विरळ होऊन डिझेल मागे ओढून धरणार. म्हणून भरल्यावर लगेच थांबत होती, रिकामी होत गेली तशी लांब पळत होती, आणि उस्मानभाईंनी निम्मी केल्यावर जव्हारपर्यंत गेली. दर वेळी काका डिझेल आहे का बघायला झाकण उघडायचे, तेवढ्याने ती सुटायची, आणि नाव हातपंपाचं व्हायचं.

म्हणजे दोष झाकणातली हवेची वाट बुजवणाऱ्या त्या दुहेरी रबराचा होता. काल संध्याकाळी जे नलिनीबेनच्या हातात होतं, त्याचा.

मी बोलले नाही. एक तर खात्री नव्हती. पाइपातही काही असू शकतं, पंपातही. खात्री असती तरी कालचं ते पश्चिमेकडे बघणं मला आठवत होतं. मी ठरवलं की आधी स्वतः पडताळून बघायचं, आणि मग काय करायचं ते बघू.

विक्रमगड

परतीच्या दिवशी सकाळी काकांनी पुन्हा टाकी भरली. विक्रमगडला येईपर्यंत जीप दोनदा थांबली. तिथे चहाला उतरलो. काका आणि नलिनीबेन हॉटेलच्या बाकावर बसले आणि मी “खोकी बघते” म्हणून मागे राहिले. झाकण फिरवायला मला दोन्ही हात आणि एक गुडघा लागला. पुन्हा तोच आवाज. केसातली एक काळी पिन काढून मी तिचं एक टोक टाकीच्या तोंडावर रबराखाली राहील असं ठेवलं आणि झाकण परत लावलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. आत मात्र केसाएवढी फट राहिली होती.

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायले.

मनोर गेलं. उस्मानभाईंना हात केला. नद्या, पूल, विटांच्या भट्ट्या गेल्या. मी प्रत्येक चढाला श्वास रोखत होते. जीप पळत होती. टाकी भरलेली असून पळत होती. सकाळी हीच गाडी एवढ्याच डिझेलवर दोनदा अडली होती. नलिनीबेन गुणगुणायला लागल्या. काका एका हाताने स्टिअरिंग धरून त्यांना डोंगरीच्या जत्रेचं सांगत होते, आणि मी मागे बसून एकटीच हसत होते.

खाडीपूल ओलांडून हमरस्त्यावरच्या पंपावर काकांनी गाडी घेतली. “भरून ठेवतो,” ते म्हणाले. “बेनना घरी सोडताना टाकी रिकामी नको.” आता सांगावं म्हणून मी उतरले, पण तोवर त्यांनी झाकण काढलं होतं.

“ह्ये काय?” पिन बोटांत धरून त्यांनी बघितली. मग माझ्याकडे. “तुझीच ना, पोरी? पडली व्हती हिथं. पोरींच्या पिना कुठंबी सापडतात. माझ्या घरी डाळीत गावते.”

त्यांनी पिन सदऱ्याला पुसून माझ्या हातावर ठेवली. मी वाक्य जुळवत होते: काका, मला वाटतं की. तेवढ्यात पंपावरच्या माणसाने नळी काढली, काकांनी झाकण बसवलं आणि अंग घालून आवळलं. मागे ट्रक हॉर्न देत होता.

“बस, पोरी.”

मी बसले. पिन मुठीत होती. वाटलं, कदाचित नाही थांबणार. अंतर थोडंच राहिलंय.

मीरा रोड

काशिमिऱ्याहून स्टेशनकडे येताना एका बाजूला मिठागरांचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे लागतात. संध्याकाळचे लोक कामावरून परतत होते. पाण्याच्या टँकरमागे बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. आमचं ऑफिस दोन वळणांवर होतं. जीपने आचका दिला. मग दुसरा. काकांनी ती कडेला घेतली, आणि ती थांबली.

मग नलिनीबेन उतरल्या, साडी नीट केली आणि काकांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

“जनाभाई, तुम्ही माणूस सोन्यासारखे. पण काल तो म्हातारा दगडावर बसून राहिला ना, तो माझ्या डोळ्यासमोरून जात नाय. पुढच्या खेपेला मी टेम्पो सांगते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“न्हाय बेन,” काका म्हणाले. “तुमचं बरोबर हाय.” बॉनेट उघडून ते उगाच पंप दाबू लागले. दांडी खाली जाऊन बसत होती. त्यांचा चेहरा सकाळच्या पाण्यासारखा सपाट होता. हा माणूस आता घरी जाऊन बायकोला काय सांगेल, आणि उद्या भावाच्या होडीवर कुठे बसेल, हे मला त्या पाठीवरून दिसत होतं.

नलिनीबेन रिक्षाला हात करत होत्या.

मी उतरले आणि काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. जे तोंडात आलं ते परभणीचंच आलं. “काका, तुमच्या होडीवरच्या टाकीत हवा कुठून जाती वो?”

“कोनत्या?”

“इंजिनाच्या. डिझेल संपत जातं, तवा तिच्यात हवा कुठून शिरती?”

“वर नळी असते ना,” ते पंप दाबतच म्हणाले. “उंच, वाकडी, तोंड खाली केलेली. पानी जात न्हाय नि हवा...”

पंपावरचा हात थांबला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जीपला वळसा घालून टाकीपाशी गेले, खाली वाकले, टाकीला वरून, खालून, मागून हात फिरवला. नळी कुठेच नव्हती. मग त्यांनी झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि अगदी सावकाश फिरवलं. या वेळी आवाज त्यांनी ऐकला. रिक्षा थांबवलेल्या नलिनीबेननीही ऐकला असावा, कारण त्या वळल्या.

काकांनी झाकण उलटं करून आपलं रबर बघितलं. अंगठ्याने त्याची कड चाचपली. त्यांनी पंप दोनदाच दाबला आणि धार त्यांच्या बोटांवरून वाहायला लागली.

“शुं थयुं?” नलिनीबेननी विचारलं. “काय बिघडलं होतं?”

काकांची मान खाली होती. नलिनीबेन माझ्याकडे बघत होत्या, आणि रिक्षावालाही.

“बिघडलं काहीच नव्हतं, बेन,” मी म्हणाले. “काकांनी टाकी समुद्रावर न्यायची तशी पक्की केली, आणि ही गाडी झाकणातूनच श्वास घेते. रबराला सुईएवढं भोक पाडलं की झालं. टेम्पो सांगू नका. पुढच्या खेपेला मी याच गाडीने जाणार आहे.”